‘स्थिर’ आणि ‘अस्थिर’ : एका वर्गीकरणाचा इतिहास

मुक्तस्रोत संगणकप्रणालींच्या इतिहासात ‘स्थिर’ म्हणजे निर्दोष व ‘अस्थिर’ म्हणजे सदोष, असा समज वारंवार आढळतो. मूळ व्यवहार पाहता तो टिकत नाही. स्थिर आवृत्तीचा अर्थ एवढाच की, ती ठरल्यावर सुरक्षेसाठी वा गंभीर दोषांच्या निवारणार्थ आवश्यक तेवढेच फेरफार तिच्यात व्हावयाचे.

लिनक्सच्या गाभ्यात प्रारंभी हा भेद क्रमांकावरून कळे : दुसरा अंक सम असल्यास आवृत्ती स्थिर, विषम असल्यास विकासाधीन. जानेवारी २००१ मध्ये २.४ आली, २.५ मधील परिश्रमांतून डिसेंबर २००३ मध्ये २.६ सिद्ध झाली. परंतु २.७ निघालीच नाही. नव्या सोयींची निकड भासल्याने वितरक त्या जुन्या स्थिर आवृत्तीतच जोडीत. त्यामुळे ‘स्थिर’ हे नाव उरले, स्थैर्य उरले नाही. २००४ मध्ये ही पद्धती मागे पडली.

इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये स्थापिलेल्या डेबियनने निराळा मार्ग धरला. तेथे नवे घटक प्रथम अस्थिर शाखेत येतात. काही दिवस गंभीर दोष न आढळल्यास ते २००० मध्ये निर्मिलेल्या परीक्षण-शाखेत जातात, आणि ती गोठवून स्थिर आवृत्ती घडते. या दक्षतेची किंमतही होती. जुलै २००२ नंतरची पुढील स्थिर आवृत्ती जून २००५ मध्ये आली. दरम्यान, ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूने डेबियनच्याच अस्थिर शाखेवर आपली पहिली आवृत्ती उभारली. ‘अस्थिर’ हे निंदेचे नाव नव्हे, ते कार्यशाळेचे नाव होय, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. भारतीय भाषांची सोय हा तिचा एक हेतू होता. तिचा विचार म्हसवडसारख्या गावातून केला म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप दिसते. अवर्षणग्रस्त माण तालुक्यातील या गावी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. अशा ठिकाणी संगणकावर खातेवही ठेवणाऱ्यास नव्या सोयीपेक्षा कालची नोंद आज तशीच उघडणे अधिक मोलाचे. बिघाड झाल्यास जाणकार जवळ असेलच असे नाही. तथापि त्याच्या स्थैर्याचा भार अस्थिर शाखा वापरून दोष शोधणारे दूरस्थ लोक वाहतात. म्हणून या दोन संज्ञांचा इतिहास हा गुणवत्तेच्या श्रेणींचा नसून, धोका कोणी पत्करावा याच्या वाटणीचा इतिहास आहे.