इंजिन तापलं, पण काटा हलला नाही

माझं पीएचडीचं काम हीट एक्स्चेंजरमध्ये साचणाऱ्या गाळावर आहे. हीट एक्स्चेंजर म्हणजे काय, तर एका पातळ भिंतीच्या दोन बाजूंनी दोन द्रव वाहतात आणि एकमेकांत न मिसळता उष्णतेची देवाणघेवाण करतात. गाडीचा रेडिएटर हे त्याचंच भावंड, फक्त तिथे एका बाजूला हवा असते. गाळ किती महागात पडतो असं कुणी विचारलं की मी एका अमेरिकन पिकअप ट्रकच्या इंजिनाची गोष्ट सांगतो. फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये २००३ ते २००७ या मॉडेल वर्षांत आलेलं ६.० लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल. बनवत होती नॅव्हिस्टार कंपनी, विकत होती फोर्ड.

पण आधी थोडं मागे जाऊ. रुडॉल्फ डिझेलला मुळात इंजिन थंड करायचंच नव्हतं! त्याचं म्हणणं, इंधनातून मिळालेली उष्णता पाण्याला देऊन टाकायची म्हणजे शुद्ध उधळपट्टी. १८९३ साली आउग्सबुर्गमध्ये उभ्या केलेल्या त्याच्या पहिल्या प्रायोगिक इंजिनाला पाण्याचं आवरण नव्हतं. प्रयोग पुढे सरकले तसं ते आवरण घालावंच लागलं. १८९७ च्या प्रसिद्ध चाचणीत त्याच्या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. तरी उरलेली जवळपास तीन चतुर्थांश उष्णता कुठेतरी जायला हवीच ना? त्यातली बरीचशी धुरातून आणि पाण्यातून जाते. पाण्याची वाट अडली की इंजिन तापतं, इतकं हे सोपं आहे.

वाट अडलीय हे ओळखायचं कसं, हा वेगळा प्रश्न. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांमध्ये पहिल्या अडीचेक हजार गाड्यांनंतर पाण्याचा पंपच काढून टाकला होता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, थंड खाली यायचं, त्यावर काम भागायचं. गाडी तापली की वाफ दिसायची, निदान झालं. १९१२ च्या सुमारास बॉइस मोटोमीटर आला. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा थर्मामीटर ड्रायव्हरला सीटवरून दिसायचा. पुढे तापमान डॅशबोर्डवर आलं आणि पाणी दाबाखाली बंद केलं गेलं. १५-१६ पीएसआय दाबाच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, म्हणजे फायदाच. पण बदल्यात वाफ नजरेआड झाली आणि ड्रायव्हरच्या हाती एक काटा तेवढा उरला. नंतर तो काटाही संगणक हलवू लागला. तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वरखाली झालं तरी काटा मधोमध, कारण जरा हलला की गिऱ्हाईक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला हजर! मला हा निर्णय समजतो, पटत मात्र नाही.

आता ६.० कडे येऊ. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्याचे अमेरिकेतले नियम कडक झाले, म्हणून या इंजिनाला ईजीआर आलं. थोडा धूर परत सिलिंडरमध्ये सोडायचा, म्हणजे ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं. पण तो धूर आधी थंड करावा लागतो आणि ते काम ईजीआर कूलर करतो. म्हणजे पर्यावरणासाठी केलेल्या सोयीचा भार पुन्हा त्याच कूलंटवर.

कळीचा मुद्दा आहे पाण्याच्या रस्त्याचा. या इंजिनात ईजीआर कूलरला मिळणारं कूलंट आधी ऑइल कूलरमधून जातं. ऑइल कूलरच्या वाटा अगदी अरुंद. इंजिनाच्या ओतकामातली राहिलेली बारीक रेती, कूलंटमधून बाहेर पडलेल्या सिलिकेटचा चिकट थर, असं सगळं तिथे अडकतं. ऑइल कूलर तुंबला की मागचा ईजीआर कूलर तहानलेला राहतो. त्यात उरलेलं थोडं पाणी उकळतं, कूलर फुटतो, कूलंट थेट इंजिनाच्या आत जातं. मग पांढरा धूर, कमी होत जाणारं कूलंट, टाकीच्या झाकणाभोवती पांढरी साय, आणि ट्रेलर ओढत चढ चढताना हीट होणारा ट्रक. हेड गॅस्केटचीही भीती होतीच, कारण प्रत्येक सिलिंडरभोवती हेडचे बोल्ट चारच.

अशा ट्रकवर नेहमीची यादी चालवायची म्हणजे थर्मोस्टॅट, फॅनचा क्लच, वॉटर पंप, रेडिएटर. सगळं ठीक निघायचं. किंवा फुटलेला ईजीआर कूलर सापडायचा आणि तेवढाच बदलला जायचा. तुंबलेला ऑइल कूलर जागेवर तसाच, त्यामुळे नवा कूलरही त्याच वाटेने जायचा. बिल मात्र दोनदा. काटा काही सांगत नव्हता, कारण सेन्सर जिथे आहे तिथे कूलंट छान वाहत होतं. तुंबलं होतं पुढे कुठेतरी.

या कोड्याची किल्ली इंजिनात आधीपासून होती, पण भलत्याच कामासाठी. या इंजिनाचे इंजेक्टर उच्च दाबाच्या ऑइलवर चालतात, म्हणून संगणकाला ऑइलचं तापमान माहीत असावं लागतं. तो आकडा डॅशबोर्डवर नव्हता, पण निदानाच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की मिळत होता. ट्रक पूर्ण गरम करायचा, हायवेवर ताशी ६५ मैलांच्या आसपास एकसारखा पळवायचा, मागे ट्रेलर नको, आणि ऑइल व कूलंट यांची तापमानं शेजारी शेजारी वाचायची. फरक १५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ८ अंश सेल्सिअस) वर गेला की ऑइल कूलर तुंबलाय.

माझ्या विषयाच्या भाषेत हे अगदी सरळ आहे. भिंतीतून जाणारी उष्णता तेवढीच राहिली आणि भिंतीवर गाळाचा थर चढला, तर तीच उष्णता ढकलायला तापमानातला फरक वाढावा लागतो. म्हणून एकेकटा आकडा फसवतो. समजा एका ट्रकमध्ये कूलंट २०० आणि ऑइल २१२ अंश फॅरनहाइट, दुसऱ्यात कूलंट १८८ आणि ऑइल २१५. कूलंटच पाहिलं तर दुसरा ट्रक जास्त थंड वाटतो. आजारी मात्र तोच आहे, फरक २७ अंशांचा. हेड गॅस्केटसाठी वेगळी परीक्षा होती. कूलंटच्या टाकीवर दाबमापक लावून गाडीवर पूर्ण जोर द्यायचा. दाब झाकणाच्या १६ पीएसआयच्या पुढे चढत राहिला तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय.

खर्च कुणी सोसायचा यावरून फोर्ड आणि नॅव्हिस्टार भांडले. जानेवारी २००७ मध्ये फोर्डने वॉरंटीच्या खर्चावरून दावा लावला, नॅव्हिस्टारने काही काळ इंजिनांचा पुरवठाच थांबवला. २००९ मध्ये तडजोड झाली आणि २०११ च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःचं ६.७ लिटरचं डिझेल आणलं. ही सगळी कहाणी एरवी 'खराब इंजिन' या दोन शब्दांत आटोपली जाते. मला त्यात चुकीच्या जागी ठेवलेला थर्मामीटर जास्त दिसतो.

जुने ६.० आजही विकले जातात. जाणकार गिऱ्हाईक स्कॅनर खिशात घालून येतं आणि सौद्याआधी ट्रक हायवेवर नेऊन दोन आकडे बघतं. काही मालक हेडला जास्त मजबूत स्टड बसवतात, काही ऑइल कूलर तिथून काढून पुढे हवेवर थंड होणारा लावतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कूलंटच्या लाइनमध्ये छोटा फिल्टर. काही महिन्यांनी तो कापून पाहिला की आत बऱ्याचदा बारीक रेती निघते.