बोटाखालची बाराखडी

आज फोनच्या कळफलकाबद्दल. बाईंना हा कुठला नवा नाद, असं म्हणाल, पण विषय जुनाच आहे... बाराखडीचा!

टाइपरायटरने आपल्या लिपीचे तुकडे केले होते. रेमिंग्टन पद्धतीत 'कि' उमटवायला आधी वेलांटी, मग क. काही अक्षरांसाठी आधी अर्धं अक्षर आणि पुढे काना. तोंडाने जे म्हणतो त्याच्याशी हाताचा संबंधच नाही. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संगणकासाठी इन्स्क्रिप्ट मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, क आणि ख एकाच कळीवर. विचार चांगला होता, पण कळांवर छापलेली अक्षरं इंग्रजीच, त्यामुळे सगळं पाठ करणं आलं.

२००७ साली आयफोन आला आणि कळा गेल्या, काचेवर कळांचं चित्र उरलं. चित्र काय, हवं तसं काढता येतं! २००९ मध्ये अँड्रॉइड १.५ ने बाहेरच्यांनाही आपापला कळफलक बनवायची मुभा दिली. मग २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' केलं. क, च, ट, त, प असे वर्ग ओळीने मांडलेले. 'क' वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं : का, कि, की, कु... हवं तिकडे बोट सरकवायचं आणि उचलायचं. हलन्ताकडे सरकवलं की कळांवर जोडाक्षरं तयार दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आलं. हा तर पहिलीच्या वर्गातला माझा फळा!

वेग मात्र बेताचा, हे खरं. आमच्या घरातली तरुण मंडळी रोमन अक्षरांत लिहितात आणि फोन त्याचं मराठी करून देतो. भराभर होतं. पण रोमनमध्ये ल आणि ळ यांना एकच अक्षर, मग कुठला घ्यायचा ते फोन अंदाजाने ठरवतो. चक्रावर ते ठरवावं लागतं आपल्याला.

परवा नातवाचा निरोप आला : 'आजी, मी शालेत आहे.'

मे महिन्यात शालेत? माझ्या जुन्या फोनवर स्वरचक्र अजून आहे. श धरला, काना घेतला. ळ धरला, मात्रा घेतली. त. आणि पाठवून दिलं.