वाडे वाचवणारा बिल्डर

कंपनीच्या कामासाठी सोलला गेलो होतो, तेव्हा वीकेंडला हॉटेल सोडून बुकचोनमधल्या एका हानोकात राहिलो. हानोक म्हणजे कोरियन वाडाच म्हणा ना! मधे अंगण, वर कौलं, खालून गरम होणारी जमीन. तिच्यावर गादी टाकून झोपायचं. सकाळी भात, किमची आणि सोयाबीनचं कढण.

मला वाटलं, घर पाचशे वर्षांचं तरी असेल. कसलं काय! दोन राजवाड्यांमधली ही वस्ती जुनी खरी, पण आजची बरीच घरं १९३० च्या आसपासची. जपानी अमलात चोंग से-ग्वोन नावाच्या बिल्डरने सरदारांच्या मोठ्या जागा घेतल्या, तुकडे पाडले आणि सामान्य कोरियन माणसाला परवडतील अशी छोटी हानोक बांधली. १९३५ मध्ये त्याने कोरियन भाषेच्या संस्थेला इमारत दिली. १९४२ मध्ये जपान्यांनी संस्थेची माणसं पकडली, त्यात तोही होता.

बिल्डर म्हटलं की आपल्याला वाडे पाडणाराच आठवतो, नाही?

आता तिथे गर्दीच इतकी, की मार्च २०२५ पासून काही गल्ल्यांत संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटक फिरला तर १ लाख वॉन दंड. मुक्कामाला असणाऱ्यांना सूट आहे. पण आवाज हळू, मंडळी. शेजारी लोक राहतात.