घरची वीज आणि वाटेवरची वीज

विजेवरच्या मोटारीचा मालक एकच युनिट दोन दरांनी विकत घेतो. रात्री घराखाली गाडी लावून भरलेल्या युनिटला एक दर पडतो. महामार्गावरच्या जलद चार्जरवर अर्ध्या-पाऊण तासात भरलेल्या युनिटला दुसरा, आणि तो बहुधा बराच चढा असतो. ही तफावत जवळजवळ विजेच्या मोटारीइतकीच जुनी आहे. वीज तयार करायला किती खर्च आला, यापेक्षा ती कोणत्या वेळी आणि किती वेगाने ओढली गेली, यावर ही तफावत ठरत आली आहे.

सुरुवातीला घरी चार्जिंग हा पर्यायच नव्हता. ऑगस्ट १८९७ मध्ये वॉल्टर बर्सी यांच्या विजेच्या टॅक्सी लंडनच्या रस्त्यांवर आल्या. त्यांच्या बॅटऱ्या कंपनीच्या लॅम्बेथमधल्या आगारातच भरल्या जात. गाडी परत आली की जलदाबावर चालणाऱ्या उचलयंत्राने बॅटरीचा जड खोका खाली उतरवायचा आणि भरलेला वर चढवायचा, हे काम काही मिनिटांत उरके. वेळ वाचला तरी खर्चाचा बोजा कंपनीला झेपला नाही. १८९९ मध्ये हा व्यवसाय बंद पडला.

अमेरिकेत विजेची मोटार श्रीमंत घरांत शिरली, पण १९१० च्या सुमारास तिथे दहांतल्या एखाद-दुसऱ्या घरातच वीज होती. त्यामुळे पुष्कळ मालक गाडी सार्वजनिक गॅरेजात ठेवत. ठरीव मासिक रकमेत चार्जिंग, धुणे-पुसणे आणि देखभाल होई. ज्यांच्या घरी वीज होती त्यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. बॅटरीला एकदिश प्रवाह लागतो, आणि शहरांत प्रत्यावर्ती प्रवाहाचे जाळे पसरत चालले होते. पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये शोधलेल्या पारा-चापाच्या रेक्टिफायरने ती सोडवली. घरच्या गाडीखान्यात संगमरवरी वा स्लेटच्या फलकामागे काचेचा फुगा असे, त्याच्या तळाशी पारा. प्रवाह सुरू झाला की फुगा निळसर-हिरव्या उजेडाने भरून जाई. आजच्या गाडीतला ऑनबोर्ड चार्जर प्रवाह एकदिश करण्याचे तेच काम करतो, फक्त दिसत नाही. हा फलक विकत घेण्याचा खर्च मोठा होता. म्हणजे घरची वीज स्वस्त, पण तिच्यापर्यंत पोहोचायला आधी भांडवल हवे. हे गणितही तेव्हापासूनचेच.

दरांतल्या तफावतीचे खरे स्पष्टीकरण मात्र बर्सींच्या टॅक्सींच्याही आधीचे आहे. इंग्रज अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले की वीज कंपनीचा खर्च दोन प्रकारचा असतो: ग्राहक कधीही बटण दाबील म्हणून यंत्रे आणि तारा सज्ज ठेवण्याचा, आणि प्रत्यक्ष पुरवलेल्या विजेचा. ब्रायटनच्या आर्थर राइट यांनी ग्राहकाची कमाल मागणी मोजणारे उपकरण बनवले. शिकागोच्या वीज कंपनीचे प्रमुख सॅम्युअल इन्सल यांनी १८९४ मध्ये ब्रायटनला ही पद्धत पाहिली आणि ती अमेरिकेत नेली. वीजबिलातला ‘स्थिर आकार’ आणि ‘मागणी आकार’ हे त्याच विचाराचे वारस.

जलद चार्जिंग या मागणी आकाराच्या तावडीत नेमके सापडते. समजा, ६० किलोवॅटच्या चार्जरवर दर किलोवॅटला महिना ३०० रुपये मागणी आकार आहे. महिन्याचे १८,००० रुपये झाले, गाड्या येवोत न येवोत. दिवसाला दहा गाड्यांनी प्रत्येकी २० युनिट घेतले तर महिन्याला ६,००० युनिट खपतात आणि हा बोजा युनिटमागे ३ रुपये पडतो. दिवसाला एकच गाडी आली तर तोच ३० रुपये. जागेचे भाडे, ट्रान्सफॉर्मर, दुरुस्ती आणि नफा यांचा हिशेब अजून झालेलाच नाही. घरचा चार्जर याउलट तीन-साडेतीन किलोवॅटच ओढतो, तोही रात्री, जेव्हा तारा रिकाम्या असतात.

विजेची मोटार रात्री भरते हे ओळखूनच अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी तिचा कैवार घेतला. रात्री निम्मी पडून राहणारी जनित्रे कामाला लावणारा ग्राहक त्यांना हवाच होता. कनेक्टिकटच्या हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने तर दशकभराहून अधिक काळ, १९२४ पर्यंत, एक निराळी योजना चालवली. मालवाहू गाडी बॅटरीविना विकत घ्यायची, भरलेली बॅटरी कंपनीकडून बदलून घ्यायची आणि मासिक शुल्काखेरीज धावलेल्या मैलांप्रमाणे पैसे भरायचे. या सेवेवर गाड्या साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. सार्वजनिक चार्जिंगचा दर परवडणारा ठेवण्याचा त्या काळातला हा सर्वांत शहाणा प्रयत्न म्हणावा लागेल. पुढे पेट्रोलच्या गाडीने बाजी मारली, आणि ब्रिटनमधल्या दुधाच्या गाड्यांसारखी रात्री आगारात भरणारी वाहने तेवढी टिकली.

एकविसाव्या शतकात सार्वजनिक चार्जिंग परतले ते फुकट. टेस्लाने सप्टेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात जलद चार्जरची पहिली केंद्रे उघडली, तेव्हा मॉडेल एसच्या मालकांना तिथे पैसे पडत नसत. ब्रिटनच्या महामार्गांवर इकोट्रिसिटी या वीज कंपनीने २०११ पासून हेच केले. गाड्या वाढल्या तशी फुकटाची हौस संपली: ब्रिटनमध्ये २०१६ साली, टेस्लाच्या नव्या ग्राहकांसाठी २०१७ साली. त्यात ब्रिटनने घरच्या विजेवर ५ टक्के आणि सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के मूल्यवर्धित कर ठेवल्याने दरी रुंदावली. ज्याच्या घरासमोर स्वतःची पार्किंगची जागा नाही, त्याने जास्त कर भरायचा, असा त्याचा उफराटा परिणाम झाला.

भारतात २००१ साली बंगळूरहून आलेली रेवा ही विजेची मोटार घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरच भरली जाई. सार्वजनिक चार्जरचा प्रश्नच नव्हता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे स्पष्ट केले. त्यामुळे केंद्र चालवायला वीजवितरणाचा परवाना लागेनासा झाला. मात्र सेवा म्हटली की जीएसटी आला: सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के. घरच्या विजेवर जीएसटी नाही, महाराष्ट्रात १६ टक्के वीज शुल्क आहे.

महाराष्ट्रात घरची वीज सरसकट स्वस्त म्हणता येत नाही, ती टप्प्यांच्या दरांमुळे. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, तर ५०० च्या पुढच्या प्रत्येक युनिटला १६ रुपये ६४ पैसे होते. वहन आकार वेगळा. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी छोटी गाडी दीडशेच्या आसपास युनिट खाते. एसी असलेल्या घरात हे युनिट नेमके वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. युनिटमागे साधारण पंधरा ते पंचवीस रुपये घेणाऱ्या जलद चार्जरशी मग फारसे अंतर उरत नाही. म्हणूनच हे युनिट घरच्या टप्प्यांबाहेर ठेवण्यासाठी गाडीला स्वतंत्र मीटर घेण्याला इथे अर्थ आहे. मात्र गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्याला त्यासाठी सोसायटीची एनओसी आणि पार्किंगपर्यंत केबल या दोन्ही गोष्टी लागतात.

‘रात्र स्वस्त, दिवस महाग’ हा शंभर वर्षांचा नियमही आता उलटू लागला आहे. सौर वीज दुपारी मुबलक असते. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सार्वजनिक केंद्रांना मिळणाऱ्या विजेसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत सरासरी पुरवठाखर्चाच्या ०.७ पट, इतर वेळी १.३ पट दर सुचवला. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत मिळू लागली. पण त्या वेळी नोकरदाराची गाडी घरी नसते, ती कार्यालयाच्या आवारात उभी असते. स्वस्त चार्जिंगची पुढची सोय तिथेच करावी लागेल.