साबण, पावडर, क्रीम : नाजूक त्वचेचे तीन उपनगरी पत्ते

१/ सकाळी साबण, अंघोळीनंतर पावडर, घराबाहेर पडताना क्रीम. नाजूक त्वचेची ‘रोजची निगा’ म्हणून अनेक घरांत रुळलेल्या या क्रमातील प्रत्येक पायरीमागे मुंबईच्या उपनगरांतील एक पत्ता आहे : विक्रोळी, मुलुंड, अंधेरी. या तीन पत्त्यांच्या इतिहासातून एकच प्रश्न पुढे येतो. आपल्या त्वचेला काय सोसते, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला? #थ्रेड

२/ कारखान्यांपूर्वी हा अधिकार घरात होता. डाळीचे पीठ, साय, हळद, शिकेकाई. दिवाळीला अभ्यंगस्नानाचे सुगंधी उटणे. बाळाला न्हाऊ घालणारी बाई अंगावर पुरळ दिसले की पीठ बदलत असे किंवा हळद वगळत असे. ही पद्धत निर्दोष नव्हती. भरड उटण्याने कोवळी त्वचा सोलवटतही असे. मात्र लावणारा हात आणि परिणाम पाहणारा डोळा एकाच माणसाचा होता.

३/ पहिला पत्ता विक्रोळी. १८९७ साली कुलुपांचा व्यवसाय सुरू करणारे अर्देशीर गोदरेज १९१८ च्या सुमारास साबणाकडे वळले. प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून साबण, हे त्यांचे वैशिष्ट्य. स्वदेशीच्या त्या काळात या साबणाच्या जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांची शिफारस झळकली. साबण निवडण्याची कारणे देश आणि धर्म ही होती. तो त्वचेला सोसतो का, हा प्रश्न अजून दूर होता.

४/ १९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली. पुढे तेथे कारखाने, कामगारांची वसाहत आणि साबणाचे उत्पादनही आले. खाडीकाठचे कांदळवन मात्र राखले गेले. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात, रेल्वेमार्ग आणि तेव्हाचा आग्रा रोड (आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग) यांच्या आधाराने एक उद्योगनगरी उभी राहू लागली.

५/ विज्ञान तोवर पुढे गेले होते. १९२८ साली हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन वैद्यांनी निरोगी त्वचेवरील सौम्य आम्लधर्मी थराचे वर्णन केले. त्वचेचा सामू, म्हणजेच पीएच, साधारणपणे पाचच्या आसपास असतो. पारंपरिक साबणाचा नऊ-दहाच्या घरात. अंघोळीनंतर नाजूक त्वचा ताणल्यासारखी का वाटते, याचे एक मोठे कारण या अंतरात आहे.

६/ आणि कायदा? १९४० चा कायदा केवळ औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने त्याच्या कक्षेत आली आणि तो ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा’ झाला. परंतु प्रसाधनाच्या व्याख्येतून साबण स्पष्ट शब्दांत वगळलेला होता! ते शब्द १९८२ च्या दुरुस्तीने काढले गेले. रोज अंगाला लागणारी वस्तू कायद्याच्या दृष्टीने दोन दशके प्रसाधनच नव्हती.

७/ दुसरा पत्ता मुलुंड. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत वाढली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या भारतीय कंपनीची नोंदणीही त्याच वर्षीची. पुढे मुलुंडच्या कारखान्यातून निघालेली बाळाची पावडर पाळणाघरापासून बाळंतविड्यापर्यंत सर्वत्र पोहोचली. तिचा वास हाच कित्येकांच्या लेखी ‘बाळाचा वास’ ठरला.

८/ या पावडरीचा उगमच मुळी नाजूक त्वचेच्या तक्रारीत आहे. १८९० च्या दशकारंभी एका डॉक्टरने कंपनीला कळवले की औषधी पट्ट्यांमुळे रुग्णाच्या त्वचेची आग होते. कंपनीचे शास्त्रीय संचालक फ्रेड किल्मर यांनी उपाय म्हणून इटालियन टाल्कची भुकटी पाठवली. त्यातून बाळांसाठीची पावडर जन्मली. एका रुग्णासाठीचा उतारा असा जगभरातील बाळांचा नित्यक्रम झाला.

९/ नित्यक्रम झाला की चूकही लाखोंपर्यंत पोहोचते. १९७२ साली फ्रान्समध्ये ‘मोरांज’ या दुसऱ्याच एका कंपनीच्या टाल्क पावडरीत हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक चुकून अतिप्रमाणात मिसळले गेले आणि अनेक बालके दगावली. आज भारतातील नियमांनुसार प्रसाधनांत हेक्झाक्लोरोफिन वापरण्यास बंदी आहे. साबणात ते फार तर एक टक्का चालते, तेही ‘बाळांसाठी वापरू नये’ या इशाऱ्यासह.

१०/ मुलुंडचा कारखाना पुढे वेगळ्या कारणाने बातम्यांत आला. २०१८ च्या अखेरीस घेतलेल्या पावडरीच्या नमुन्यांचा सामू मानकाबाहेर आढळला, असे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे म्हणणे होते. परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने ताजे नमुने तपासून घेतले, ते मानकात बसले. जानेवारी २०२३ मध्ये ती कारवाई अवाजवी आणि विलंबित ठरवून न्यायालयाने रद्द केली.

११/ या निकालाकडे दोन बाजूंनी पाहता येते. एका सदोष नमुन्यावरून संपूर्ण उत्पादन थांबवणे उत्पादकावर अन्यायाचे. पण नमुना घेतल्यापासून निर्णयापर्यंत जवळपास चार वर्षे गेली. तोवर त्या काळातील बाळे शाळेत जाऊ लागली होती. पुरळ पाहून त्याच दिवशी पीठ बदलणाऱ्या बाईची तत्परता कारखान्याच्या युगात यंत्रणेकडून अपेक्षित होती. ती दिसली नाही.

१२/ तिसरा पत्ता अंधेरी. १९६७ साली हिंदुस्तान लिव्हरचे संशोधन केंद्र येथे सुरू झाले. नायसिनामाइड, म्हणजे ‘ब-३’ जीवनसत्त्वाचे एक रूप, वापरून सत्तरच्या दशकात याच कंपनीने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. उपवर मुलीचा सावळा रंग ही घराघरातील जुनी चिंता होती. आता तिच्यावर ट्यूबमधला उपाय मिळू लागला. निगेचा अर्थ ‘त्वचा शांत राहणे’ यावरून ‘त्वचा उजळणे’ असा सरकला.

१३/ या हव्यासाची खरी किंमत औषधाच्या दुकानांत मोजली गेली. स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय घेऊन ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून रोज चेहऱ्यावर लावली जाऊ लागली. चार दिवस चेहरा तुकतुकीत. मग त्वचा पातळ, लालसर, उन्हाने भाजणारी. मलम थांबवले की आग, म्हणून पुन्हा तेच मलम. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर मोहीम उघडली. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. अनेकांची ‘संवेदनशील त्वचा’ जन्मजात नव्हती; ती अशी घडवली गेली होती.

१४/ २०२० साली ‘फेअर’ हा शब्द गेला आणि नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. गंमत अशी की तेच नायसिनामाइड आज सीरमच्या बाटलीत ‘संवेदनशील त्वचेसाठी’ म्हणून मिळते आणि त्वचेचे संरक्षक आवरण बळकट करणारा घटक म्हणून त्वचातज्ज्ञही ते सुचवतात. घटक बदलला नाही. बदलले ते त्याला दिलेले वचन.

१५/ साबणाने स्वदेशीचे वचन दिले, पावडरीने मायेचे, क्रीमने गोरेपणाचे. या वचनांमागून कायदा नेहमी काही वर्षे उशिरा चालत आला. म्हणून बाटलीच्या पुढच्या बाजूवर त्या काळाची आकांक्षा वाचावी आणि मागच्या बाजूवर घटकांची यादी. पुरळ उठताच पीठ बदलणाऱ्या त्या अनामिक बाईची शहाणीव मात्र कोणत्याही लेबलावर छापलेली नसते. ती आपल्यालाच जपावी लागते. (समाप्त)