चकतीवर न छापलेला आकडा

पेंटॅक्सचा एसपी-५०० हा कॅमेरा १९७१ साली आला. त्याच्या शटरच्या चकतीवर शेवटचा आकडा ५००, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. चकती मात्र त्याच्याही पुढे एक घर फिरते. खटका लागतो, आणि तिथे काहीच छापलेले नसते. त्या कोऱ्या घरावर चकती ठेवून बटण दाबा, पडदा हजाराच्या वेगाने पळतो. आतली यंत्रणा पेंटॅक्सच्याच महागड्या स्पॉटमॅटिकची होती. स्वस्त म्हणून विकायचा तर काहीतरी कमी दिसायला हवे, म्हणून सेल्फ-टायमर काढला आणि एक आकडा छापायचा ठेवला.

कोल्हापुरात माझे कॅमेरा दुरुस्तीचे दुकान आहे. काकांच्या हाताखाली शिकताना त्यांनी मला हा कॅमेरा उघडून दाखवला होता, आणि माझा धंद्याकडे बघायचा डोळा तिथेच पक्का झाला. कॅमेरा घ्यायला निघालेले पोर दुकानात येते, विचारते, "मामा, शिकायलाच घ्यायचाय. साधा घेऊ की मधला? सांगा की." माहितीपत्रकात प्रत्येक मॉडेलमध्ये काय काय आहे ते लिहिलेले असते. मी त्याला काय काढून घेतले आहे ते सांगतो.

हा प्रश्न डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, बराच आधीचा. परदेशी कॅमेऱ्याच्या आयातीवर बंधने होती त्या काळात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात बडोद्याला बनलेला अ‍ॅग्फा यायचा. त्यात दोन पायऱ्या होत्या: क्लिक-थ्री आणि आयसोली. क्लिकमध्ये फोकस पक्का बसवलेला, शटरचा वेग ठरलेला. ऊन आहे की ढग, एवढेच आपण ठरवायचे. आयसोलीत अंतर लावता यायचे, शिवाय त्याच १२० च्या रोलवर बाराऐवजी सोळा फोटो निघायचे. रोल आणि धुलाई दोन्ही महाग, तेव्हा चार फोटो जास्त म्हणजे घरातला कर्ता माणूस लगेच हिशेब मांडायचा. पण सोळा फोटो मिळायचे ते चौकट लहान करून. क्लिकची निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटर, आयसोलीची चार बाय चार. क्लिकची निगेटिव्ह कागदावर ठेवून थेट प्रिंट काढली तरी अल्बममध्ये लावण्याजोगी व्हायची. आयसोलीच्या फोटोत माणूस ओळखायचा तर एन्लार्जरवर चढवणे भाग. म्हणजे स्वस्तातला कॅमेरा घेणाऱ्याला नकळत मोठी निगेटिव्ह मिळून गेली होती. कारखानदाराची वजाबाकी अशी कुठेतरी चुकते, आणि मला ती जागा शोधायला आवडते.

निकॉनने तर खालच्या मॉडेलला स्वतःचे नावसुद्धा दिले नव्हते. १९५९ चा निकॉन एफ हा वार्ताहरांचा कॅमेरा. प्रिझम काढून दुसरा लावा, मागे मोटर जोडा, सगळे चालायचे. १९६५ मध्ये त्याच लेन्सा घेणारी स्वस्त बॉडी आली, तिचे नाव निकॉरमॅट. जपानात निकोमॅट. प्रिझम पक्का, मोटरची सोय नाही. साध्या बॉडीवर निकॉन ही अक्षरे उमटायला १९७७ चा एफएम यावा लागला. गंमत अशी की निकॉरमॅटमध्ये उभे धावणारे धातूचे कोपल शटर बसवले होते. त्यामुळे त्याचा फ्लॅश १२५ च्या वेगापर्यंत जुळायचा. थोरल्या एफला ६० च्या पुढे जाता येत नव्हते. मिरवणुकीत फ्लॅश मारणाऱ्याच्या हातात धाकटाच बरा होता.

१९७९ चा निकॉन ईएम मला कधीच आवडला नाही. डिझाइन जुजारोचे, इटलीतल्या मोटारींच्या त्या प्रसिद्ध आरेखनकाराचे, देखणा, हलका. पण शटरचा वेग माणसाला ठरवूच दिला नाही. छिद्र तुम्ही ठेवा, वेग कॅमेरा ठरवील. नवशिक्याला आकड्यांची भीती वाटते असे गृहीत धरून त्याच्या हातून शिकायची गोष्टच काढून घेतली. याच्या उलट पेंटॅक्सचा के-१०००: १९७६ पासून १९९७ पर्यंत निघत राहिला, तीस लाखांहून जास्त बनले. त्यातूनही बरेच काढले होते, सेल्फ-टायमर नाही, फोकसची खोली बघायचे बटण नाही. पण वेग, छिद्र आणि मीटरची सुई एवढ्या तीन गोष्टींना हात लावला नाही. जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत पोरे त्याच्यावर शिकली. काय काढायचे याची अक्कल म्हणतात ती ही.

डीएसएलआरच्या काळात दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो एका मोटरीमुळे, आणि त्याची मुळे वीस वर्षे मागे आहेत. मिनोल्टाने १९८५ साली ऑटोफोकसचा ७००० काढला तेव्हा बाकीच्यांना धावावे लागले. निकॉनने १९८६ च्या एफ-५०१ मध्ये मोटर बॉडीत ठेवली. बॉडीतून छोटासा स्क्रू बाहेर येतो आणि लेन्स फिरवतो. कॅननने १९८७ मध्ये ईओएस आणताना जुना माउंटच मोडीत काढला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. जुन्या लेन्सा असलेले लोक कॅननवर चिडले होते. पण या निर्णयामुळे पुढे कॅननला स्वस्त बॉडीतून मोटर काढायची सोयच उरली नाही, कारण ती तिथे नव्हतीच.

निकॉनने ती काढली. २००५ च्या डी-५० मध्ये स्क्रू होता, २००६ च्या डी-४० मध्ये नाही, आणि त्यानंतर खालच्या रांगेत तो परत आलाच नाही. पोर डी-४० घेऊन यायचे, सोबत कुणीतरी दिलेली किंवा सेकंडहँड मिळालेली जुनी फिफ्टी, म्हणजे ५० एमएमची लेन्स. "मामा, लेन्स बिघडलीय, फोकस होत नाही." लेन्स ठणठणीत असायची. कॅमेऱ्यात ती फिरवणारा हातच नव्हता. मधल्या रांगेतल्या डी-८० किंवा २००८ च्या डी-९० वर तीच लेन्स चढवली की लगेच चालायची. २००९ मध्ये स्वतःची मोटर असलेली स्वस्त ३५ एमएम लेन्स आली आणि २०११ मध्ये तशीच फिफ्टी, तेव्हा कुठे ही तक्रार थांबली. तोवर साधी आणि मधली बॉडी यांतला खरा फरक तुमच्या घरात कुठली लेन्स आहे यावर होता, आणि ते काउंटरवरचा विक्रेता क्वचितच विचारायचा.

कॅननची वजाबाकी वेगळ्या जागी चालली. २००३ चा ३००डी हा अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळालेला पहिला डीएसएलआर, आणि त्याचा ६.३ मेगापिक्सेलचा सेन्सर त्याच वर्षीच्या महाग १०डीचाच. धातूच्या जागी प्लॅस्टिक आले, काचेच्या भरीव प्रिझमच्या जागी आरशांची पोकळ टोपी आली. काही गोष्टी तर फक्त सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद केल्या होत्या. हौशी प्रोग्रामरांनी ते कुलूप उघडल्यावर फ्लॅशची भरपाई, आरसा आधी उचलायची सोय, ३२०० चा आयएसओ, सगळे आतच सापडले. एसपी-५०० चे ते कोरे घर बत्तीस वर्षांनी पुन्हा भेटले म्हणायचे.

पुढे २००९ चा ७डी, २०१० चे ५५०डी आणि ६०डी. तिन्ही अठरा मेगापिक्सेल, सेन्सर जवळपास एकसारखा. एकाच लेन्सने त्याच उजेडात काढलेले फोटो समोर ठेवले तर कुठला कुठल्याचा हे मला सांगता येणार नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पैसे जातात ते हातात आणि डोळ्यात. ५५०डीला एक डायल. वेग बदलायला तीच, छिद्र बदलायला बटण दाबून पुन्हा तीच. ६०डीला अंगठ्याखाली दुसरी चकती, वर आकड्यांची छोटी पट्टी, आत खरा प्रिझम. शिकणारे पोर झाड, डोंगर, पंचगंगेचा घाट असे निवांत विषय घेत असेल तर एक डायल पुरते. लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याला अक्षता पडत असताना बटण शोधायला वेळ नसतो. त्याला मी मधलीच घ्यायला सांगायचो, उधारी झाली तरी.

बाकीच्यांना माझे सांगणे उलट असायचे, आजही आहे. साधी बॉडी घे आणि उरलेल्या पैशांत एक उजेडाची लेन्स घे. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स लांब टोकाला ५.६ वर अडते. फिफ्टी १.८ वर उघडते, म्हणजे सुमारे दहा पट उजेड आत येतो. आपल्या घरातल्या एका ट्यूबलाइटखाली आजीचा फोटो काढायचा असेल तर तेवढा फरक कुठलीच महाग बॉडी भरून काढत नाही.

नवी साधी डीएसएलआर घ्यायचे दिवस मात्र सरत आलेत. निकॉनने डी-३५०० आणि डी-५६०० २०२२ मध्ये बंद केले. कंपन्यांचा सगळा भर आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. आमच्यासारख्यांच्या काउंटरवर त्यामुळे एक नवाच प्रकार दिसतो. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारापासून इथपर्यंत सेकंडहँडच्या कपाटात साधा डी-३१०० आणि मधला डी-७००० शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि किमतीत पूर्वीइतके अंतर राहिलेले नाही. १०० टक्के चौकट दाखवणारा प्रिझम, स्क्रूची मोटर, दोन कार्डांची सोय, हे सगळे आता थोड्या जास्त पैशांत मिळते. वजन तेवढे सोसायची तयारी हवी. अशा वेळी मी मधल्याच्या बाजूने बोलतो, फक्त शटर किती वेळा पडलेय ते आधी तपासून घ्यायला लावतो.

आणि तरीही कपाटातला डी-४० मी कुणालाही फुकट देत नाही. मोटर नाही, फोकसचे बिंदू तीन, सहा मेगापिक्सेल. पण त्याच्या सेन्सरला स्वतःच उघडझाप करता येते, म्हणून फ्लॅश ५०० च्या वेगापर्यंत जुळतो. वरच्या पायरीवरच्या डी-८० ला २०० वरच थांबावे लागते. भर दुपारच्या हळदीला चेहऱ्यावरची सावली मोडायची तर डी-८० वाल्याला फ्लॅशची जवळजवळ अडीच पट ताकद लागते. हे माहीत असलेले दोन-तीन लग्नवाले सीझनच्या आधी बरोबर येतात आणि विचारतात, "तो आहे ना अजून?"