शिवीतली आई : गधेगाळापासून ‘च्यायला’पर्यंत

मराठीत ‘शिव्याशाप’ हा जोडशब्द इतका रुळला आहे, की त्यातल्या दोन शब्दांतला फरक सहसा जाणवत नाही. शापाला तपाचे, सतीत्वाचे किंवा देवाचे बळ लागते. शिवीला काहीच लागत नाही; तोंड असले की झाले. तरीही एके काळी ही दोन्ही एकाच दगडावर शेजारी बसली होती आणि त्यांना बसवणारा हात राजसत्तेचा होता. माणसे रोजच्या बोलण्यात शिव्या का देतात, याचे उत्तर शोधताना त्या दगडापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

कोकणात, विशेषतः ठाणे, मुंबई, रायगड या भागांत आणि घाटावरही ‘गधेगाळ’ नावाचे दगड सापडतात. ‘गाळ’ म्हणजे शिवी; गधेगाळ म्हणजे गाढवाची शिवी. दगडाच्या वरच्या भागात चंद्र, सूर्य आणि बहुधा कलश, मधल्या भागात दानाचा लेख आणि तळाशी स्त्रीशी संग करणारे गाढव, अशी त्याची साधारण मांडणी असते. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावे, आणि जो ते मोडील त्याच्या आईची अशी गत होवो, हा त्याचा अर्थ. शिलाहारांच्या काळापासून पुढे काही शतके असे दगड उभे राहिले. काहींवर लेखही नाही, केवळ चित्र आहे. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही ते चित्र वाचता येत होते.

यांतला परळचा शिलालेख फार बोलका आहे. शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातला हा लेख शके ११०८चा, म्हणजे इ. स. ११८७च्या सुमाराचा. दानाचा मुख्य मजकूर संस्कृतात आहे. मात्र दान मोडणाऱ्याला धाक घालायची वेळ येताच लेख मराठीत उतरतो. आधी वैद्यनाथ देवाच्या कोपाची भीती आणि मग आईवरून दिलेली, क्रियापदासकट उघडीनागडी शिवी. राजा, दान, तिथी हे सारे देववाणीत सांगता आले. शिवी मात्र लोकांच्याच भाषेत द्यावी लागली, कारण ती ज्याला लागायला हवी त्याच्या कानांना संस्कृत शिवी बोचली नसती.

आठशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला जे उमगले होते, त्याला आजच्या प्रयोगशाळेतून दुजोरा मिळतो. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवर झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. निषिद्ध शब्द आणि लहानपणी ऐकलेल्या दटावण्या कानांवर पडताच त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल त्यात मोजला गेला. मातृभाषेतल्या शब्दांना शरीराने अधिक तीव्र प्रतिसाद दिला. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या प्रयोगात बर्फगार पाण्यात हात बुडवून शिवी देणारे लोक साधा शब्द उच्चारणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ तग धरू शकले. मेंदूच्या आजाराने वाचा गेलेल्या काही रुग्णांच्या तोंडून शिवी मात्र सहज निघते, हे तर एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना ठाऊक आहे. थोडक्यात, शिवी ही माहिती सांगत नाही, ती कृती करते. ठेच लागली की ती वेदनेवर फुंकर घालते, भांडणात हातघाईची जागा घेते आणि जुन्या मित्राच्या पाठीवर थाप मारते.

राजसत्तेलाही हीच कृती हवी होती. दान दिलेली जमीन उद्याचा राजा किंवा परवाचा गावपाटील गिळणार नाही, याची हमी देणारे सैन्य प्रत्येक शेताच्या बांधावर उभे करता येत नव्हते. ताम्रपटांच्या शेवटी त्यासाठी व्यासांच्या नावावरचे श्लोक येत; दानाची जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होतो, असे ते बजावत. पण ती शिक्षा परलोकातली. गधेगाळाने ती इहलोकात, गावाच्या वेशीवर आणि थेट घरातल्या बाईवर आणली. पुढे मराठा काळातल्या कागदांत शिवीची जागा शपथेने घेतली : हिंदू असून मोडील त्याला गाईची आण, मुसलमान असून मोडील त्याला डुकराची. सत्तेचा हात जिथे पोचत नाही, तिथे शब्द पोचवायचा, हा हिशेब मात्र तोच राहिला.

या हिशेबात दान मोडणारा पुरुष, दान देणारा पुरुष आणि लेख कोरणाराही पुरुष. शिक्षा मात्र भोगते आई. तिचा व्यवहाराशी काडीचा संबंध नाही. पुरुषाची अब्रू घरातल्या स्त्रीच्या देहात ठेवलेली आहे, हे गृहीत धरल्याशिवाय ही शिवी चालतच नाही. आज तोंडात सहज येणारे ‘च्यायला’, ‘आयला’, ‘मायला’ हे उद्गार पाहा. परळच्या दगडाशी त्यांची थेट वंशावळ जोडता येणार नाही, पण घडण तीच आहे. गाढव गेले, क्रियापद गेले. आई आणि तिला लागलेला विभक्तिप्रत्यय तेवढा उरला. म्हणून तर हे शब्द आता आईसमोरही उच्चारले जातात. ‘रांड’ शब्दाचा एक अर्थ विधवा आणि दुसरा वेश्या. ‘बोडकी’ म्हणजे केशवपन झालेली. नवरा मरणे, एवढ्या भांडवलावर मराठीने स्त्रीसाठी शिव्यांचे एक दालन उघडले. पुरुषाच्या वाट्याला विधुरपणावरून शिवी आली नाही.

समाजाने शिवीला वेळ आणि जागाही नेमून दिली. शिमग्याला बोंब ठोकणे हा अपराध नव्हता, उलट ती रीत होती. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या बोरी आणि सुखेड या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात; याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. एरवी जी शिवी स्त्रीवरून दिली जाते, तिचा ताबा वर्षातून एक दिवस स्त्रियांकडे येतो. १८६०च्या भारतीय दंडसंहितेने सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारणे हा गुन्हा ठरवला. एके काळी राज्याच्या आज्ञेत कोरलेली शिवी आता राज्याच्या लेखी गुन्हा झाली.

पण या कलमाची नजर अश्लीलतेवर होती. नुसते जातीचे नाव शिवीसारखे फेकून मारले, तर त्यात अश्लील काहीच नसते, आणि तरी जखम अधिक खोल होते. जातीवरून सार्वजनिक ठिकाणी केलेला अपमान हा अत्याचार आहे, हे मान्य व्हायला १९८९चा कायदा यावा लागला. साहित्य त्याआधीच जागे झाले होते. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने वस्तीची भाषा तिच्या शिव्यांसह कवितेत आणली. त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले आणि अश्लीलतेच्या वादात न्यायालयापर्यंत गेले. १९८४ साली शरणकुमार लिंबाळे यांनी आत्मकथनाला नाव दिले ‘अक्करमाशी’. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचे ते कमअस्सल, म्हणजेच विवाहाबाहेर जन्मलेले. जी शिवी आयुष्यभर अंगावर आली, तीच लेखकाने मुखपृष्ठावर छापली आणि मग ती देणाऱ्यांना मान खाली घालावी लागली.

शिव्या बंद करा, असे सांगणे व्यर्थ आहे. ठेच लागणारच, राग येणारच, आणि त्यासाठी भाषेला काही शब्द राखून ठेवावेच लागतील. मात्र त्या शब्दांचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न उरतो. आज अनेक गधेगाळ शेंदूर फासून ग्रामदेवता म्हणून पुजले जातात, तर काही अशुभ मानून दूर टाकलेले दिसतात. लेख झिजला आहे, दान कधीच मोडले आहे, ते मोडणाऱ्याचे नावही कोणाला आठवत नाही. दगडाच्या तळाशी ती अनाम बाई मात्र अजून तशीच आहे.